घोळणा निर्धास्त खाता यायला हवा

गेल्या आठवड्यात आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली. मुलानं पुण्याहून फोन केला, "आई, आज ओट्यापाशी उभी राहू नकोस, बाबांना घेऊन बाहेर जेवायला जा." जळगावात नव्यानं सुरू झालेल्या एका हॉटेलाचा पत्ताही त्यानं पाठवला. तिथं गॅस पेटतच नाही. सगळं शाकाहारी आणि सगळं कच्चं. यांना सात वर्षांपासून शुगर आहे, म्हणून मुलानं मुद्दाम हे ठिकाण शोधलेलं.

दारातच फळा होता : "आमच्याकडे कोणताही पदार्थ ४५ अंशांच्या वर तापवला जात नाही." हे तो वाचून म्हणाले, "मे महिन्यात आपली गच्ची याहून जास्त तापते." खरंच आहे. त्याच गच्चीवर आपण बिबडे, कुरडया, पापड वाळवतो. फरक एवढाच की बिबड्यांचं पीठ आधी शिजवून घेतो.

जेवण चवीला चांगलं होतं, हे आधी सांगते. झुकिनी किसून केलेल्या शेवया, त्यावर टोमॅटोची कच्ची चटणी. भिजवलेले काजू वाटून केलेलं दह्यासारखं काहीतरी. बीट-गाजराची कोशिंबीर, खजूर-तिळाचा लाडू, शेवटी गोठवलेलं केळं फेटून केलेलं आइस्क्रीम. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि साखर न घालता त्या केळीचं इतकं छान काही होतं हे मला साठी ओलांडल्यावर कळलं. दोघांचे मिळून नऊशे रुपये झाले. पैशांबद्दल माझी तक्रार नाही.

माझं लक्ष अडकलं ते एका वाटीत. मोड आलेली मेथी होती. पांढरेशुभ्र बोटभर मोड, वर लिंबू पिळलेलं. मी वाटी नाकाशी नेली, चमच्यानं उलटीपालटी केली आणि बाजूला ठेवली. यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. पाणी कुठलं वापरलंय ते विचारून येते."

मी एकतीस वर्षं आरोग्यसेविका होते. सवय जात नाही.

हॉटेल चालवणारं जोडपं तरुण, गोड बोलणारं, मनापासून राबणारं. त्या मुलीनं मला आत नेलं, आरओचं मशीन दाखवलं, भाज्या मिठाच्या पाण्यात धुतात ते टब दाखवले. मी विचारलं, "भाजी कुठली?" ती म्हणाली, "बाजारातलीच, काकू. सगळे घेतात तिथलीच. ती तपासून घ्यायला मी कुठे जाऊ?" तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिते आहे.

कच्चं चांगलं की शिजवलेलं, या वादात मला रस नाही. खानदेशाला कच्चं खाणं कुणी शिकवायला नको. थंडीत हरभरा वीतभर झाला की त्याचे कोवळे शेंडे खुडायचे. बोटांना आंब लागते, ती चाटतच घरी यायचं. पाला बारीक करायचा, त्यात कांदा, हिरवी मिरची, मीठ, शेंगदाण्याचा कूट आणि वरून कच्चं तेल. हातानं चांगलं घोळायचं. झाला घोळणा. शेजारी कळण्याची भाकरी. मेथीचा घोळणा, मुळ्याच्या पाल्याचा घोळणा, भरताबरोबर कांद्याची पात, काकडी, मुळा हे सगळं आपण पिढ्यानपिढ्या कच्चंच खात आलो. आणि त्याच पंगतीत पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या, बडगीत ठेचलेल्या वांग्याचं भरीतही असतं. काय कच्चं खायचं आणि कशाला जाळ दाखवायचा, हे आपल्या बायांना नीट माहीत होतं.

त्यामागे शहाणपण आहे. पालेभाजी, लिंबू, पेरू यांतलं क जीवनसत्त्व उष्णतेनं जातं, म्हणून ती ताजी खावीत. उलट गाजरातलं आणि टोमॅटोतलं रंगद्रव्य शिजवल्यावर शरीराला जास्त मिळतं. राजमा कच्चा खाल्ला तर थेट उलट्या होतात, कारण त्यातलं विषारी द्रव्य नीट उकळल्याशिवाय मरत नाही. म्हणून त्या हॉटेलाच्या भिंतीवरचं "शिजवणं म्हणजे अन्नाचा प्राण घेणं" हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं. का, ते सांगते.

माझ्या उपकेंद्राखालच्या एका गावात काविळीची साथ आली होती. गाव मोठं नव्हतं, दोन आठवड्यांत एकोणीस रुग्ण. नळाची लाइन गटारातून गेली होती आणि जोडाजवळ फुटली होती. आपल्याकडे नळ रोज येत नाही. दिवसाआड, दोन दिवसाआड, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. पाणी बंद असताना पाइप रिकामा असतो आणि फुटलेल्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. पाणी सुटलं की ती पहिल्या धारेबरोबर घरोघरी पोचते. रोज चोवीस तास दाबानं वाहणाऱ्या नळात हे सहसा होत नाही. टाकीत पाणी शुद्ध करायची टीसीएल (क्लोरीनची) पावडर टाकली जात होती असं रजिस्टरमध्ये लिहिलेलं होतं. मी शेवटच्या नळाखाली नळी धरून ओटीचे, म्हणजे क्लोरीन असलं की पाणी पिवळं करणाऱ्या द्रावणाचे, थेंब टाकले, तर पाणी पिवळं झालंच नाही. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. तिथं काहीच उरलं नव्हतं. त्या एकोणीस जणांत एक सात महिन्यांची गरोदर मुलगी होती. पाण्यातून येणारी काविळीची एक जात, हिपॅटायटिस ई, गरोदर बाईला सर्वांत जास्त मारते. ती पहिलटकरीण सिव्हिलला नेल्यावर चौथ्या दिवशी गेली.

तेव्हा आम्ही घरोघर काय सांगत फिरलो? पाणी उकळून प्या. कच्चं काही खाऊ नका. शिळं खाऊ नका. मी स्वतः शेकडो वेळा ही वाक्यं म्हटली आणि ती बरोबरच होती. पण नोकरीची शेवटची काही वर्षं मला कळत गेलं की "उकळून प्या" म्हणताना आम्ही ग्रामपंचायतीचं काम उचलून एका बाईच्या चुलीवर ठेवत होतो. पाणी शुद्ध करून देणं ज्यांचं काम, त्यांनी ते केलं नाही; मग तिनं सरपण गोळा करायचं, धूर खायचा आणि घरातल्या सहा माणसांचं पाणी रोज वीस मिनिटं उकळायचं. जिथं नळ योजना पोचली नाही तिथं गरिबाच्या घरी राखण कुणी केली असेल तर त्या चुलीनं. त्या बाईला शिजवणं म्हणजे प्राण घेणं असं सांगू नये. तिनं तिच्या लेकरांचे प्राण चुलीवरच वाचवलेत.

आता त्या मेथीबद्दल. २०११ च्या उन्हाळ्यात जर्मनीत ई. कोलाय जंतूची मोठी साथ आली. जवळजवळ चार हजार माणसं आजारी पडली, पन्नासहून अधिक दगावली, कित्येकांच्या किडन्या निकामी झाल्या. शोधता शोधता माग एका शेतावर तयार होणाऱ्या मोडांपर्यंत गेला, आणि तिथून इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत. तिथं पाणी स्वच्छ, यंत्रणा कडक, प्रयोगशाळा हाताशी. तरीही हे झालं. कारण मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूला लागते. बियाच्या सालीत एखादा जंतू दडला असेल तर मोड येता येता त्याचे कोट्यवधी होतात, आणि मिठाच्या पाण्यानं ते निघत नाहीत. आपण घरी मटकीला मोड आणतो, पण तिची उसळ करतो. उकळी येते आणि प्रश्न मिटतो. बारा तास भिजवून, दोन दिवस फडक्यात बांधून, वर लिंबू पिळून कच्चं वाढायचं असेल, तर त्या बियांपासून त्या फडक्यापर्यंत सगळ्याची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी.

पालेभाजीचंही तेच. शहराबाहेरच्या नाल्याला मोटर लावून पालक, कोथिंबीर, मेथी पिकवलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. त्या नाल्यात शहरातल्या संडासांचं पाणी असतं. माणसाच्या विष्ठेतून आलेली फीतकृमीची अंडी पानाला चिकटून पोटात गेली, तर त्यांच्या अळ्या मेंदूपर्यंत पोचतात आणि फिट्स येतात. आयुष्यात मांसाला न शिवलेल्या माणसालाही हे होतं, ते या मार्गानं.

आणि फवारणी. माझ्या माहेरी अमळनेर तालुक्यात कपाशीच्या शेतात बांधाला भेंडी, गवार, पालकाचे चार वाफे असतात. पंप एकच. सकाळी कपाशीवर मारला, उरलं ते भाजीवर. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला बंदी होती, तरी ते कपाशीच्या नावानं घरात यायचं आणि भाजीवर जायचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना शेतकरी आणि मजूर मेले, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला होता. डब्यावरचा लाल त्रिकोण काय सांगतो, फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये, हे त्या मजुराला कुणी वाचून दाखवलेलं नसतं. मी शेतकऱ्याला दोष देत नाही. भेंडीला एक डाग दिसला तर आपण ती टोपलीत परत टाकतो. तो डाग नको म्हणून तो फवारतो. माझ्या गल्लीत भाजी घेऊन येणारी बाई मला मागे म्हणाली, "धुईसन खाजो वं माय, परवादिन फवारणी व्हयेल शे." तिला माहीत होतं आणि तिनं सांगितलं. एवढा प्रामाणिकपणा मला बाजारात दुसरीकडे कुठे भेटला नाही. पण धुऊन सगळं जात नाही. आंतरप्रवाही औषध पानाच्या आत शिरतं, ते मिठाच्या पाण्यानंही निघत नाही आणि, हेही सांगायला हवं, शिजवूनही पूर्ण जात नाही. जंतू जाळानं मरतात, विषाचं तसं नाही. म्हणजे फवारणीचा हा प्रश्न माझ्या घरच्या वरण-भात-भाजीच्या ताटातही तेवढाच आहे.

कच्च्या आहाराच्या बाजूनं एक गोष्ट मला मनापासून पटते, आणि ती पुरुषांच्या चर्चेत येत नाही. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी बारा वाजता गॅससमोर उभी राहून पंधरा-वीस भाकरी थापणारी बाई बघा. मी ड्युटी करून आल्यावर तेच केलं. आठवड्यातले दोन दिवस घरानं काकडी, टरबूज, भिजवलेले शेंगदाणे, केळी, दही-पोहे यांवर भागवलं तर कुणाचं काही बिघडत नाही, आणि त्या बाईला दोन दुपारी मिळतात. कच्चं खाण्याला माझा पाठिंबा आहे तो या कारणासाठी. म्हणूनच ते सुरक्षित असावं असा माझा आग्रह आहे.

सुरक्षिततेत शब्दही येतात. हॉटेलात मेन्यूकार्डाच्या मागे लिहिलेलं होतं, "मधुमेह मुळापासून बरा." यांनी वाढणाऱ्या मुलाला विचारलं, "मग गोळ्या?" तो म्हणाला, "बऱ्याच जणांनी सोडल्यात, काका." यांचा चेहरा उजळला आणि माझ्या पोटात गोळा आला. सात वर्षं रोज गोळी घेणाऱ्या माणसाला हे एक वाक्य किती हवंहवंसं वाटतं, ते मला समोर दिसलं. भाज्या वाढवल्या, भात-साखर कमी केली तर शुगर खाली येते, हे खरं आहे. पण गोळी अचानक सोडली तर ती वर जाते, आणि गोळी चालू ठेवून जेवण एकदम उतरवलं तर काही गोळ्यांनी ती धोक्याइतकी खाली येऊ शकते. दोन्हीसाठी डॉक्टरांना विचारावं लागतं. शिवाय त्याच ताटात खजुराचा लाडू होता. एखादा पदार्थ रोग बरा करतो असा दावा करून तो विकायला आपल्या कायद्यात परवानगी नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि २०१८ साली दाव्यांबद्दलचे वेगळे नियमही झाले. ते नियम त्या मेन्यूकार्डापर्यंत पोचलेले नाहीत. सकाळी फिरायला येणाऱ्यांना दुधीचा रस देतात, असंही तिथं लिहिलं होतं. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाला होता. त्यानंतर तज्ज्ञांच्या समितीनं स्पष्ट सांगितलं की दुधीचा तुकडा आधी चाखावा आणि कडू लागला तर रस मुळीच पिऊ नये. आपल्या आया दुधी चिरताना तुकडा चाखायच्याच. ग्लासभर रस विकणाऱ्यानं ते लिहून लावायला हवं.

या सगळ्यात मला गांधीजींचा प्रयोग आठवतो. १९२९ साली साबरमतीच्या आश्रमात त्यांनी काही सहकाऱ्यांबरोबर न शिजवलेलं अन्न खाऊन पाहिलं. मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, पालेभाजी, लिंबू, मध. काही आठवड्यांत पोट बिघडलं, अशक्तपणा आला. त्यांनी प्रयोग थांबवला आणि तो जमला नाही हे आपल्या साप्ताहिकात लिहिलं. पुढे १९३६ च्या डिसेंबरात ते आपल्या फैजपूरला आले, काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन होतं ते. स्वतःच्या पोटावर केलेला प्रयोग फसला तर जाहीर सांगणारा माणूस आहाराबद्दल बोलला, तर मी ऐकेन. भिंतीवर फक्त बरे झालेले रुग्ण लिहिणाऱ्याचं कसं ऐकू?

तरी त्या तरुण जोडप्याला मी गुन्हेगार मानत नाही. मेन्यूकार्डावरचं वाक्य काढायला मी त्यांना सांगितलं, आणि त्या मुलीनं पेनानं खोडतेच म्हणून सांगितलं. पण भाजीचं काय, या तिच्या प्रश्नाचं उत्तर तिनं एकटीनं शोधायचं नाही. नऊशे रुपये देणाऱ्या आम्हा दोघांसाठी ती आरओचं मशीन लावेल. चौकातल्या गाडीवर कांदा-काकडी कापून देणाऱ्याकडे मशीन कुठून येणार? भेळेवरची कोथिंबीर कच्चीच असते. उसाच्या रसातला बर्फही न उकळलेल्या पाण्याचाच. सप्ताहाच्या पंगतीतली कोशिंबीर, शाळेच्या डब्यातला टोमॅटो, दवाखान्यात रुग्णाला दिलेलं कापलेलं सफरचंद. कच्चं तर आपण सगळेच रोज खातो, फक्त त्याला वेगळं नाव देत नाही.

म्हणून मागणी महापालिकेकडे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. भाजीबाजारात भाजी धुवायला क्लोरीन असलेल्या पाण्याचा नळ द्या; आज कित्येक ठिकाणी बाया बादलीभर गढूळ पाण्यात दिवसभर जुड्या बुचकळत बसतात. दर महिन्याला पालेभाजीचे नमुने घ्या आणि त्यांत जंतू व औषधाचा अंश किती निघाला ते बाजाराच्या दारात मराठीत लिहून लावा. नाल्यातल्या पाण्यावर पालेभाजी पिकते, ती प्रक्रिया केलेल्या पाण्यावर पिकेल अशी सोय करा, आणि तोवर निदान कच्चं खाण्याची पिकं तिथं घेऊ देऊ नका. शेवटच्या नळाची ओटी टेस्ट रजिस्टरमध्ये दडवू नका. हे करायला नवा कायदा लागत नाही. २००६ च्या त्याच अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार कोणताही ग्राहक विकत घेतलेला पदार्थ, दुकानदाराला तिथंच सांगून आणि फी भरून, अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, आणि पदार्थ नियमात बसला नाही तर फी परत मिळते. एकतीस वर्षं सरकारी नोकरी करून मला हे निवृत्तीनंतर कळलं. माझ्या शेजारणींपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

घरी आल्यावर यांनी गोळी घेतली. मला विचारलं, "मेथी का नाही खाल्लीस?" मी जर्मनीचं सांगितलं, त्या पहिलटकरणीचंही सांगितलं. तिच्याबद्दल मी घरी कधी बोलले नव्हते. हे बराच वेळ गप्प बसले. मग कागद घेतला आणि अर्ज लिहायला बसले. यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. भाजीबाजारातल्या नळाची आणि पालेभाजीच्या नमुन्यांची मागच्या एक वर्षाची तपासणी आम्हाला माहितीच्या अधिकारात हवी आहे. सोमवारी अर्ज दिला, पोच घेतली. उत्तर द्यायला त्यांना तीस दिवस आहेत. माहेरी हरभरा आत्ताच उगवून वर आलाय. शेंडे खुडायच्या बेताला येईपर्यंत तेवढेच दिवस लागतील.